तंबाखूची देशोदेशीची तुलना: टन, हेक्टरी उत्पादन की जमिनीचा वाटा?

तंबाखूच्या शेतीत कोणता देश कुठे बसतो हे मांडायला घेतलं की आधी एक गोष्ट ठरवावी लागते: मोजायचं कशाने? एकूण उत्पादन, हेक्टरी उत्पादन, की देशाच्या पिकाऊ जमिनीतला तंबाखूचा वाटा? आकड्यांची टंचाई नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यांत 1961 पासूनचं उत्पादन आणि क्षेत्र मिळतं, उरलेलं भागाकाराने निघतं. पण तिन्ही मापांनी यादी इतकी वेगळी लागते की आपण एकाच पिकाबद्दल बोलतोय ना, अशी शंका यावी. मी तिन्ही वापरून पाहिली आणि शेवटी एकावर स्थिरावलो. तुमचा प्रश्न वेगळा असेल तर तुमची निवडही वेगळी असू शकेल, म्हणून कारणांसकट सांगतो.

एकूण उत्पादनाबद्दल फार लिहीत नाही. चीन 20 लाख टनांच्या पुढे, म्हणजे जगाच्या साधारण 60 लाख टनांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त. त्यामागे भारत आणि ब्राझील, एखाद्या वर्षी हा पुढे तर एखाद्या वर्षी तो. बाजारात किती माल येणार, कारखान्यांना किती पान मिळणार, कोण कोणाला विकतो, हे तुमचे प्रश्न असतील तर टनांना पर्याय नाही. मोठ्या उलथापालथीही इथे चटकन दिसतात. 1997 साली चीनचं उत्पादन 40 लाख टनांच्या वर गेलं आणि त्यानंतर सरकारी मक्तेदारीने लागवडीला आवर घातला, हे आलेखाच्या एका रेषेतून कळतं. अडचण एवढीच की या यादीत मोठे देश वर आणि छोटे देश तळाशी राहतात, आणि ते आपल्याला आधीपासूनच ठाऊक असतं. मलावीचं एखाद लाख टन उत्पादन चीनशेजारी ठेवलं की दिसेनासंच होतं.

हेक्टरी उत्पादनाचा मोह मला बराच काळ होता. आकार बाजूला पडतो, देश एका पातळीवर येतात. चीन, ब्राझील, अमेरिका हे हेक्टरी दोन टनांच्या आसपास किंवा थोडे वर. मलावी एखाद टनाजवळ. तुर्कस्तान एक टनाच्याही आत. हे वाचून तुर्की शेतकरी मागासलेला आहे असं वाटलं, तर तो त्याच्यावर अन्याय आहे. तिथे ओरिएंटल जातीची तंबाखू होते. लहान पान, दाट लावलेली रोपं, हलकी कोरडवाहू जमीन आणि उन्हात वाळवणी. ते पान वजनासाठी पिकवतच नाहीत, सुगंधासाठी पिकवतात. जास्त पाणी आणि खत देऊन पान मोठं केलं तर त्याचा गुणच जातो. भट्टीत वाळवल्या जाणाऱ्या व्हर्जिनियाचंही तसंच आहे. पान पिकायच्या सुमारास जमिनीतला नत्र संपत आलेला लागतो, नाहीतर वजन वाढतं आणि प्रत उतरते. मांडवात हवेवर वाळवल्या जाणाऱ्या बर्ली जातीला मात्र भरपूर नत्र चालतो. भारताच्या एकाच आकड्यात तर आंध्र-कर्नाटकातली व्हर्जिनिया, गुजरातची विडी तंबाखू आणि बिहार-बंगालची खायची तंबाखू एकत्र कालवलेली असते. तेव्हा हेक्टरी उत्पादनाची तुलना बहुतेक वेळा पानांच्या प्रकारांची तुलना ठरते. शेतकऱ्याच्या कौशल्याबद्दल ती फार कमी सांगते.

तरीही मी ते माप सोडलं नसतं. सोडायला लावलं ते वजनाने.

तंबाखूचं वजन म्हणजे नक्की कोणतं वजन? हिरव्या पानात 80 ते 90 टक्के पाणी असतं. भट्टीतून किंवा मांडवातून निघालेलं पान इतकं कडक असतं की हात लावताच चुरा व्हावा, म्हणून बांधणीआधी ते दमट हवेत पुन्हा नरमवतात. विक्रीच्या वेळी त्यात हे परत घेतलेलं पाणी असतं. पुढे कारखान्यात ते पुन्हा वाळवून ओलावा साधारण 12 टक्क्यांवर आणतात. मग मधली शीर काढली जाते, आणि पानाच्या वजनाचा चौथा हिस्सा तरी शिरेचा असतो. विडी तंबाखूत तर पान शेतातच वाळतं आणि चुरा व शिरा वेगळ्या होऊनच माल बाजारात जातो. आता एखाद्या अहवालातलं ‘टन’ यातल्या कोणत्या पायरीवरचं? काही जण विक्रीवेळचं वजन धरतात, काही जण कारखान्यातलं. टीप असते, पण ती तक्त्यापासून लांब कुठेतरी असते, आणि आकडे एका तक्त्यातून दुसऱ्यात जाताना ती हमखास गळते. एकाच देशाच्या एकाच हंगामाचे दोन अहवाल शेजारी ठेवले की टनांत ठळक फरक दिसायचा, हेक्टर मात्र जवळजवळ जुळायचे. असा तक्ता दुरुस्त करत बसणं किती कंटाळवाणं असतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. दोन देशांतला जो फरक मी समजावून सांगायला निघालो होतो, तेवढाच फरक ओलाव्याचा आणि शिरेचा निघायचा.

त्यात आणखी एक पेच आहे. काही देशांचे टन मुळातच अंदाजाने भरलेले असतात: लागवडीचं क्षेत्र आणि मागच्या हंगामाचं हेक्टरी उत्पादन यांचा गुणाकार. त्याला आपण परत क्षेत्राने भागतो आणि जुनाच आकडा नवा शोध म्हणून हातात येतो.

म्हणून मी जमिनीच्या वाट्याकडे वळलो. हेक्टर ओला नसतो, वाळत नाही, त्याची शीर काढावी लागत नाही. आणि या मापाने यादी खरोखर काही शिकवते. जगभरात तंबाखूखाली सुमारे 30 लाख हेक्टर आहेत, म्हणजे पिकाऊ जमिनीच्या पाव टक्क्याच्याही आत. चीनचा वाटा एक टक्क्याच्या आत, भारताचा अर्ध्या टक्क्याच्या आत. टनांच्या यादीतले हे दिग्गज इथे खाली सरकतात. वर येतात ते मलावी आणि उत्तर मॅसिडोनियासारखे देश. मॅसिडोनियात तंबाखू साधारण 16 हजार हेक्टरांवर, म्हणजे जागतिक हिशेबात नगण्य. पण त्या देशाची पिकाऊ जमीनच चार लाख हेक्टरांच्या आसपास आहे, त्यामुळे वाटा चार टक्क्यांजवळ जातो. मलावीही तीन-चार टक्क्यांच्या घरात असतो. तिथे पावसाळा एकच, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि मका व तंबाखू दोघांनाही तोच हंगाम लागतो. बहुतेक शेती पावसावर असल्याने तंबाखूखालचं शेत त्या वर्षी मक्याला मिळत नाही. 2023 च्या जागतिक तंबाखूविरोधी दिनाला जागतिक आरोग्य संघटनेने ‘आम्हाला अन्न हवे, तंबाखू नको’ ही घोषणा घेतली होती. तिच्यामागचा प्रश्न जमिनीचा आहे, आणि टनांचा तक्ता त्याला उत्तर देत नाही.

झिंबाब्वेचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. 2000 साली तिथे सुमारे 85 हजार हेक्टरांतून दोन लाख 30 हजार टनांहून अधिक पान निघालं. जमीन फेरवाटपानंतर 2008 मध्ये उत्पादन 50 हजार टनांच्या खाली गेलं. 2014 पर्यंत ते पुन्हा दोन लाखांच्या वर आलं, आणि टनांचा आलेख पाहणारा म्हणेल की गाडी जवळपास रुळावर आली. पण त्यासाठी आता एक लाखाहून अधिक हेक्टर लागले होते. आधी मोजक्या मोठ्या शेतांवर होणारं पीक हजारो छोट्या शेतकऱ्यांकडे गेलं होतं. किती नव्या घरांना यातून रोख पैसा मिळू लागला आणि किती नवी जमीन गुंतली, हे दोन्ही कळायला क्षेत्राचाच रकाना वाचावा लागतो.

हे माप निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. भट्टीच्या जळणासाठी तोडलेलं जंगल त्यात येत नाही, आणि आफ्रिकेतल्या व्हर्जिनियाच्या पट्ट्यात ही फार मोठी उणीव आहे. मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींमुळे (मातीतल्या बारीक कृमींमुळे) तंबाखू त्याच शेतात दरवर्षी घेता येत नाही. झिंबाब्वेत त्यासाठी मध्ये काही वर्षं कटाम्बोरा ऱ्होड्स गवत ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे पिकाने अडवलेली जमीन तक्त्यातल्या क्षेत्रापेक्षा जास्त असते. उलट, जिथे वर्षात दोन पिकं निघतात तिथे तंबाखूचा हेक्टर दुसऱ्या पिकालाही मिळतो. पण या उणिवांची दिशा तरी आपल्याला माहीत असते. वजनाच्या बाबतीत चूक कोणत्या बाजूला झुकलीय हेच कळत नाही.

जमिनीचा वाटा घ्यायचं ठरवलंत तर दोन गोष्टी सांभाळा. एका वर्षाचा आकडा घेऊ नका, तीन वर्षांची सरासरी घ्या. मागच्या हंगामाच्या भावावर लागवड वरखाली होते. आणि भागाकाराच्या खाली ‘पिकाऊ जमीन’ घ्या, ‘शेतीखालील एकूण जमीन’ नको. दुसऱ्या रकान्यात कायमची कुरणंही धरलेली असतात. ब्राझीलमध्ये ती इतकी अफाट आहेत की नुसता रकाना बदलला तरी तंबाखूचा वाटा घटून आधीच्या चौथ्या हिश्शाइतका होतो.