शेवग्याच्या बियांचं कोॲग्युलंट, ईटीपीवर ८ महिने वापरून झाल्यावर

आमचं सिरॅमिक टाइल्सचं प्लांट, म्हणजे ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला) येणारं पाणी चिकणमातीने दुधासारखं पांढरं. कोॲग्युलंट म्हणून, म्हणजे गाळाची गुठळी करून तो खाली बसवायला, फिटकरी वापरायचो, ती बंद करून शेवग्याच्या बियांचा अर्क सुरू केला त्याला आता ८ महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठा फरक पीएचमध्ये. फिटकरी पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल झेलायची क्षमता) खाते, १ मिलिग्रॅमला साधारण अर्धा मिलिग्रॅम, मग पीएच घसरतो, मग चुना घाला, चुना जास्त पडला की परत गडबड, ऑपरेटरची अर्धी शिफ्ट त्यातच जायची. शेवग्यात पीएच जवळपास हलतच नाही. बियांतल्या प्रोटीनवर धन भार असतो, मातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे कण एकमेकांना ढकलायचे थांबतात आणि गुठळी धरतात. स्लजपण (खाली बसलेला गाळ) कमी झाला, फिल्टर प्रेसचा (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राचा) केक घट्ट पडतो, फिटकरीच्या वेळी जेलीसारखा लिबलिबीत यायचा.

आता त्रास. पहिल्या महिन्यात आम्ही अर्क टाकी भरून करून ठेवायचो, ही आमची सरळ सरळ चूक होती. दोन दिवसांत वास मारायला लागला, गुठळ्या बारीक पडायला लागल्या आणि सीओडी (पाण्यातल्या ऑरगॅनिक घाणीचं माप) वर गेला. आमच्या पाण्यात ऑरगॅनिक मुळातच कमी, त्यामुळे वाढ अर्कातूनच येतेय हे लगेच कळलं. बियांत प्रोटीनसोबत तेल, स्टार्च सगळंच असतं ना, पावडर तशीच घोळवली की तेही पाण्यात उतरतं आणि आमचं पाणी परत प्रोसेसला जातं, म्हणजे वास फिरून टाकीतच. आता तेल काढलेली पेंडच वापरतो (प्रोटीन पेंडीत राहतं, काम तितकंच होतं), रोज ताजा अर्क करतो, कापडातून गाळतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी वापरत नाही म्हणजे नाही. मिठाच्या पाण्यात अर्क जास्त चांगला उतरतो हे खरंय, डोस बराच कमी लागला, पण पाणी रिसायकल होत असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) चढत जातो, म्हणून आम्ही ते सोडलं.

डोस जास्त झाला तर पाणी परत गढूळ होतं, कणांवरचा भार उलटतो म्हणून, आणि नवीन ऑपरेटर गढूळ दिसलं की अजून डोस वाढवतो! म्हणून दर शिफ्टला जार टेस्ट (जारमध्ये पाणी घेऊन वेगवेगळे डोस लावून पाहणं) कराच, १ मिनिट जोरात, १५-२० मिनिटं हळू ढवळणं, अर्धा तास स्थिर. बियांचा लॉट बदलला की पुन्हा.

निवळीचं (पाणी निवळायला पूर्वापार वापरतात त्या झाडाचं) बीपण जारमध्ये लावून पाहिलं, नावातच निवळणं असल्यामुळे फार उत्सुकता होती, पण आमच्या पाण्यात एकटीने गुठळी नीट धरली नाही.

सुट्टीच्या दिवशी पाणी पातळ येतं, टर्बिडिटी (गढूळपणा) कमी असते, तेव्हा शेवगा अडखळतो, कण एकमेकांना भेटतच नाहीत. त्यावर आम्ही क्लॅरिफायरचा (गाळ बसवायच्या टाकीचा) थोडा जुना स्लज फ्लॅश मिक्सरला (जोरात ढवळायच्या टाकीला) परत फिरवतो आणि मग गुठळ्या बसतात.