‘लो दिवेर’: सात महिने अंगावर बाळगलेला हिवाळा

पहिल्या आठवड्यात मी हे परफ्यूम चुकीचंच वापरलं. मनगटावर दोन फवारे मारले, तासाभराने हुंगलं तर काहीच जाणवेना, म्हणून आणखी चार मारले. शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, “अगं, केवढं लावलंयस!” वास होता तिथेच होता, माझं नाक त्याला सरावलं होतं. तेव्हापासून मनगट सारखं नाकाशी नेत नाही. मानेखाली एक फवारा, छातीवर एक, आणि वर स्वेटर.

‘लो दिवेर’ म्हणजे हिवाळ्याचं पाणी. फ्रेंच परफ्यूमकार झाँ-क्लोद एलेना यांनी २००३ मध्ये फ्रेडरिक माल यांच्या परफ्यूम-ब्रँडसाठी ते घडवलं. नाव थंडीचं, पण वास कोमट आहे. सुरुवातीला क्षणभर बर्गामॉटचा, म्हणजे लिंबाच्या जातीच्या एका फळाचा, आंबट गारवा येतो, तो लगेच ओसरतो. खरा जीव हेलिओट्रोप या फुलाच्या वासामध्ये: भिजवून सोललेल्या बदामासारखा, किंचित पावडरी. या वासामागचं मुख्य द्रव्य हेलिओट्रोपिन. १८६९ मध्ये ते पहिल्यांदा मिळालं ते मिरीतल्या पिपरिनपासून केलेल्या आम्लातून! इतक्या मऊ वासाचं कूळ इतकं तिखट, हे वाचल्यापासून मला ते जास्तच आवडायला लागलं.

त्याच्याखाली आयरिस आहे. आयरिसचा वास फुलाचा नाही, कंदाचा. ताज्या कंदाला जवळजवळ वासच नसतो. तो तीन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त वाळत ठेवला की आयरोन नावाची सुगंधी द्रव्यं तयार होतात आणि तो गार, कोरडा, जुन्या कागदासारखा वास येतो. इथे त्यावर मधाचा अगदी पातळ हात आहे, त्यामुळे तो रुक्ष वाटत नाही.

हे चारचौघांत दरवळणारं परफ्यूम नाही. घमघमाट हवा असेल तर दुसरं काही घ्या. माझ्यासाठी त्याची खरी वेळ म्हणजे थंडीतून घरात येऊन मफलर सोडण्याची. गळ्याशी अडकलेली ऊब वर येते आणि तिच्याबरोबर तो बदाम, तो मध. दिवसभर विसरलेली असते मी, आणि तेवढ्यात पुन्हा भेट होते. उन्हाळ्यात मात्र ते मला गोडसर, जड वाटलं. दोन महिने बाटली कपाटातच होती.

घ्यायचं असेल तर कागदाच्या पट्टीवर ठरवू नका, तिथे ते फिकट वाटतं. अंगावर लावा, वर लोकरीचं काहीतरी घाला आणि संध्याकाळपर्यंत थांबा. परफ्यूममधल्या काही कस्तुरी-द्रव्यांचा वास काहींना येतच नाही. त्यामुळे शेवटी जवळच्या माणसालाही विचारा. माझा मफलर धुवायला टाकायचा राहून आठवडा उलटला, तरी त्याच्या घडीत अजून तो वास आहे.