सीव्ही बनवायचं पैसेवालं अ‍ॅप : पाच-सहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही कारण रिफंडवरून अजून वाजायलंय, पण जाहिरात बघितली असंल तर वळखताल. पहिला आठवडा ४९ रुपये आणि मग दरमहा ५९९, तेच ते. मी वाळूजला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला, डिप्लोमा मेकॅनिकल, जागा बदलायची म्हणून दिवाळीनंतर घेतलं.

टेम्प्लेट दिसायला एक नंबर, त्यात वादच नाही. डावीकडं निळा पट्टा, त्यात फोटो, खाली स्किल आणि प्रत्येक स्किलपुढं पाच ठिपके, उजवीकडं अनुभव. लग्नाला स्थळ बघायला आलेल्यांना दाखवायला झकास. पण ढिगानं अप्लाय केलं तरी फोन काही येईना. मग शेंद्र्यात एका कंपनीत एचआरला असलेल्या दोस्तानं त्यांच्या सिस्टीममध्ये माझा सीव्ही टाकून स्क्रीनचा फोटो पाठवला, तर मोबाईल नंबरचा रकाना मोकळा, आणि पद काय तर ‘व्हर्नियर’, म्हणजे माप घ्यायचं साधन.

झालं असं की कंपन्या आलेले सीव्ही चाळायला जे एटीएस सॉफ्टवेअर वापरतात त्यातली बरीचशी पानावरचा मजकूर सरळ आडवा वाचत जातात, त्यामुळं डाव्या कॉलमची ओळ उजव्या कॉलमच्या ओळीत घुसते. पानाच्या वर हेडरमध्ये नंबर असंल तर कैक वेळा तो वाचतच नाहीत, आणि ठिपके म्हणजे त्यांच्या लेखी निस्ती चित्रं. नवी सॉफ्टवेअर जरा बरी वाचतात म्हणे, पण समोरच्याकडं कोणतं आहे ते आपल्याला कुठं दिसतंय. घरी तपासायचं असंल तर पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये टाका. माझं असं निघालं : ‘सीएमएम क्वालिटी इंजिनिअर हिंदी मराठी वाळूज एमआयडीसी एसपीसी २०१९ पासून’. आता ह्यातून कोण काय घेणार सांगा. आणि फोटो काढून त्याचा पीडीएफ केला असंल तर सिलेक्टच होत नाही, म्हणजे मशीनसाठी कोरा कागद.

ठिपक्यांवर मला अजून बोलायचंय. सीएमएमला, म्हणजे पार्टची मापं घ्यायच्या मशीनला, पाचपैकी चार ठिपके म्हणजे काय हो? प्रोग्रॅम लिहिता येतो का तयार प्रोग्रॅम चालवता येतो, एवढंच विचारतात इंटरव्ह्यूत. मराठीला साडेचार ठिपके दिले होते त्या अ‍ॅपनं, स्वतःच्या मनानं. अरे जन्म गेवराईचा आहे माझा, अर्धा ठिपका कामून कापला? आणि हे ठिपकेवालं टेम्प्लेटच ‘प्रीमियम’ म्हणून विकतात, ह्याचेच पैसे घेतलेत.

तिथंच एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण पैसे भरलेत तर वसूल तरी करावं म्हणून यादीत पार खाली गेलो, तर एक साधं काळं-पांढरं टेम्प्लेट, एकच कॉलम, ना फोटो ना पट्टा, दिसायला तलाठ्याच्या दाखल्यासारखं, आणि ते फुकट! नोटपॅडमध्ये टाकलं तर ओळ न् ओळ जागेवर. आणि दुसरं, जाहिरातीतला मजकूर चिकटवला की कोणते शब्द आपल्या सीव्हीत नाहीत ते दाखवायचं फीचर, हे मात्र खरंच कामाचं निघालं. पीपीएपी, कंट्रोल प्लॅन, ८डी, आयएटीएफ १६९४९, हे सगळे क्वालिटीच्या कामातले शब्द, रोज हेच करतो मी, पण ह्यांच्या एआयनं ते सगळं गाळून ‘रिझल्ट ओरिएंटेड डायनॅमिक प्रोफेशनल’ लिहून ठेवलेलं. ते उडवलं आणि लिहिलं, इनकमिंग मालाचं रिजेक्शन ४ टक्क्यांवरून दीडवर आणलं, सप्लायरकडं जाऊन गेज बदलून घेतले. जे केलंय तेच टाका पण, पीपीएपीच्या लेव्हल विचारतात समोरासमोर.

शहराचंही बघा. अ‍ॅपच्या यादीतून शहर निवडलं तर छापून आलं औरंगाबाद, बिहार. आपल्या शहराचं नाव २०२३ ला बदललं, पण शोधणारा एचआर जुनं टाकतो का नवं ते काय सांगावं, म्हणून मी छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद दोन्ही लिहितो, पुढं महाराष्ट्र. धाराशिववाल्यांनीही तसंच करावं.

बापाचं नाव, जात-धर्म, लग्न झालंय का, खालचं ‘मी प्रतिज्ञापूर्वक’ हे सगळं सीव्हीतून गेलं ते बरंच झालं. अण्णांना मात्र पटलं नाही, ‘बापाचं नाव नाही तर तू कोणाचा ते त्यांना कसं कळायचं?’ म्हणाले.

साधा सीव्ही टाकल्यापासून फोन येतायत, जास्त करून चाकणचे, आणि पहिला प्रश्न नोटीस पिरियडच. म्हणून तो वरच लिहून टाकलाय, दोघांचाही वेळ वाचतो.

आता पैशाचं. अ‍ॅप मोबाईलमधून काढलं तरी ऑटोपे बंद होत नाही, यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द करावा लागतो. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज आला पाहिजे असा आरबीआयचा नियम आहे, तेव्हा त्या मेसेजवर नजर ठेवा. माझा ५९९ चा वाद चालू आहे, त्यांचा चॅटबॉट दर वेळी ‘आपल्याला मदत करून आनंद झाला’ म्हणतो आणि चॅट बंद करतो. तीन स्टार, तेही त्या फुकटच्या टेम्प्लेटला. कव्हर लेटरवालं फीचर मी वापरलं नाही, कोणी वापरलं असंल तर खाली सांगा, पण एक महिन्याच्या वर पैसे भरू नका भाऊ.