भांडणांनी पिळून निघाल्यावर घेतलेली थेरपी: काही महिन्यांनंतर

नवरा यायला तयार नव्हता, म्हणून मी एकटीच जात राहिले. तेव्हा हा अनुभव एकटीच्या थेरपीचा आहे, जोडप्याच्या समुपदेशनाचा नाही.

भांडण अर्ध्या तासाचं असायचं. त्याच्या आधीची धास्ती आणि नंतरची उजळणी मात्र दिवस खायची. कुलपात किल्ली कशी फिरते यावरून आजचा मूड ओळखायचा, मग मुलांना गप्प करायचं, आणि रात्री डोळे मिटून मनातल्या मनात उत्तरं द्यायची. रडूही येईनासं झालं होतं.

आधी एका ठिकाणी ‘थोडं समजून घ्या, सगळ्यांच्या घरी असतं’ असं ऐकवलं गेलं. तिथे परत गेले नाही. दुसरीकडे पहिल्याच भेटीत पीएचक्यू-9 ही नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली दिली: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, गुण 0 ते 27. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, असंही सांगितलं. मी संसाराचं बोलायला आले आणि या रक्त तपासायला सांगतात म्हणून चिडचिड झाली. पण थकव्याचं शारीरिक कारण आधी वगळायला हवं, हे पटलं. मग मारहाण, धमक्या, पैसे अडवणं, फोन तपासणं यांबद्दल थेट विचारलं. घरात भीती असेल तर दोघांना एकत्र बसवणं धोक्याचं ठरतं. खोलीत बोललेल्याचा वचपा घरी काढला जातो. हे न विचारता ‘दोघं मिळून या’ म्हणणाऱ्यांपासून जरा जपूनच.

सुरुवात सीबीटीने, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याच्या पद्धतीने झाली. प्रसंग, मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, असं वहीत लिहायचं. ‘माझ्यामुळेच घर बिघडतंय’ यासारख्या विचारांना हा तक्ता छान पुरतो. पण ‘तो माझं ऐकत नाही’ याच्या बाजूचा रकाना भरून वाहायचा आणि विरुद्धचा कोरा! विचार खराच असेल तर त्याला खोडून काय मिळणार? मी हे बोलून दाखवलं. तेव्हा थेरपिस्ट बाईंनी तो तक्ता अशा विचारांपुरता बाजूला ठेवला आणि ‘तो असाच वागला तर तुम्ही काय करणार’ यावर काम सुरू केलं. खरा फरक इथून पडायला लागला.

सर्वांत उपयोगी पडला तो विराम. जोडप्यांवर दीर्घकाळ संशोधन केलेले जॉन गॉटमन सांगतात की, वादात नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरचं डोक्यात शिरत नाही. निदान 20 मिनिटं थांबावं. त्या वेळात भांडणाची उजळणी करायची नाही, हा त्यातला अवघड भाग. आणि ‘वीस मिनिटांनी येते’ म्हटलं की खरंच परत जायचं. सुरुवातीला नवऱ्याला वाटायचं मी पळ काढतेय. नंतर तोही कधीकधी ‘थांब जरा’ म्हणायला लागला. कधीकधीच.

श्वासाचे ऑडिओ मला कंटाळवाणे वाटले, सोडून दिले. ऑनलाइन सत्रंही जमली नाहीत. दार लावून मोकळं बोलता येईल अशी जागा घरात नसेल तर प्रत्यक्षच जा.

त्या प्रश्नावलीतले माझे गुण 15 ते 19 च्या, म्हणजे मध्यम-तीव्र गटातून 5 ते 9 च्या, म्हणजे सौम्य गटात आले. झोप लागते. भांडणं होतात, विषयही तेच. नातं टिकेल का, याचं उत्तर थेरपीतून मिळालेलं नाही आणि बाईंनी ते माझ्या वतीने द्यायचा आव कधी आणला नाही, हे मला आवडलं.

सुरू करण्यापूर्वी एक विचारून ठेवा: पुढे नवरा तयार झाला तर हेच थेरपिस्ट दोघांना घेतील का? माझ्या बाईंनी नकार दिला. इतके महिने माझी बाजू ऐकल्यावर त्याला त्या तटस्थ वाटणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे, पण आता त्याचं मन वळतंय आणि आम्हाला नव्या माणसापुढे पहिल्यापासून सगळं सांगायचंय.