परसातल्या पेरूला अळ्या: सापळा लावू की पिशव्या बांधू?

पावसाळ्यातला पेरू बाहेरून देखणा आणि कापला की आत वळवळ. ही करणी फळमाशीची. मादी सालीत टोचून अंडी घालते. खूण टाचणीच्या टोकाएवढी, भोवतालची साल जरा मऊ. पोसलेली अळी फळातून बाहेर पडते, अंगाची कमान करून टुणकन उडी मारते आणि मातीत शिरून कोष करते.

फवारणी मी आधीच बाद केली. औषध सालीवर, अळी गरात, आणि पोरं पेरू तोडून तसाच खाणार.

उरले दोन. सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं, म्हणजे वासाने फक्त नर माश्या ओढणारं आमिष. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा त्यावरच चालतो. आठवडाभरात डबीत माश्यांचा खच पडला की वाटतं, जिंकलो! पण ते सगळे नर. वाचलेला एक नर कितीतरी माद्यांना पुरतो, आणि शेजारच्या झाडावरून आलेली मादी काही कुंपण बघून थांबत नाही. सलग बाग असेल किंवा अख्ख्या आळीने मिळून लावले, तर सापळ्यासारखं सोपं काही नाही. एकट्या झाडाला मात्र तो अपुरा पडतो. घेताना आतलं आमिष कुठलं तेही वाचा. माझ्या गळ्यात एकदा क्यू ल्यूर मारलं गेलं, ते कारल्या-दोडक्यावरच्या माशीचं. महिनाभर डबी रिकामी, पेरू किडलेलेच.

पिशवी म्हणजे कटकट खरी, पण दोन-चार झाडं असतील तर मी तीच सांगेन. फळ लिंबाएवढं, हिरवं, टणक असतानाच बांधायची. रंग फिरल्यावर बांधली तर अंडी आतच राहतात आणि आपण अळीलाच छत्री धरतो. वर्तमानपत्राची पिशवी पहिल्या सरीत लगदा होते. न विणलेल्या कापडाची टिकते. प्लॅस्टिक वापरलंत तर पाणी निघायला तळाला भोकं पाडा. तोंड देठाशी घट्ट बांधा, आणि त्याआधी देठाजवळ पांढरा कापूस दिसतो का बघा. तो पिठ्या ढेकूण. आत कोंडला की मुंग्याही येतात.

आमच्याकडे हात पोचेल तिथवर पिशव्या, शेंड्याचे पेरू पोपटांना.

दोन्हीपैकी काहीही करा, गळलेला पेरू झाडाखाली राहू देऊ नका आणि खतखड्ड्यातही टाकू नका. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून कडक उन्हात ठेवा.