कोणती भेग पुसायची हे जाणणारे फोर्टातील दुकान

फोर्टातील या छायाचित्र-दुरुस्तीच्या दुकानात मी भुजच्या प्राग महालाच्या घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो घेऊन गेलो होतो. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर काही आठवड्यांनी बाबा मुलुंडच्या कच्छी मित्रांबरोबर मदतीचे सामान घेऊन भुजला गेले होते, तेव्हा त्यांनी तो रंगीत फिल्मवर काढला होता. मुंबईच्या इतक्या पावसाळ्यांत ती प्रिंट काचेला चिकटून बसली होती आणि आकाशाच्या भागात बुरशी पसरली होती.

याआधी उपनगरातील एका स्टुडिओने काचेवरूनच स्कॅन करून तासाभरात ‘नवा’ फोटो हाती दिला होता. त्यात बुरशी गेली होती हे खरे, पण त्याबरोबर मनोऱ्याच्या भिंतीवरील भेगाही भरून निघाल्या होत्या आणि अंगणातील दगडांचा ढीग गुळगुळीत झाला होता. भूकंपाची खूणच पुसली गेली, तर बाबांनी तो फोटो कशासाठी काढला हेच उरत नाही.

फोर्टातील काकांनी सर्वप्रथम निगेटिव्ह आहे का, असे विचारले. काच सोडवायला गेलो तर ओलाव्याने तिला धरून बसलेला जिलेटिनचा थर चित्रासकट निघून येईल, म्हणून प्रिंटला हात लावणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आईच्या कपाटात फिल्मची पट्टी सापडली, तेव्हा ती त्यांनी माझ्यासमोर अवरक्त प्रकाश वापरणाऱ्या स्कॅनरवर चढवली. रंगीत निगेटिव्हमधील रंगांतून हा प्रकाश आरपार जातो, धूळ आणि ओरखडे मात्र त्याला अडवतात. त्यामुळे फिल्मवरचा ओरखडा कोणता आणि भिंतीची भेग कोणती, हे यंत्राला अंदाज न बांधता वेगळे करता येते. बुरशीने जिथे थरच खाल्ला होता तिथे हे तंत्र पुरेसे पडत नाही. तेवढा भाग त्यांनी हाताने दुरुस्त केला आणि भिंतीजवळ आल्यावर प्रत्येक शंकास्पद रेघ मला फोनवर मोठी करून दाखवून विचारली.

या मनोऱ्याचे मुंबईशी असलेले नातेही मला त्यांच्याकडूनच कळले. कच्छचे संस्थानिक राव प्रागमलजी दुसरे यांच्यासाठी प्राग महालाचा आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी केला होता, आणि ओव्हल मैदानासमोरचे 1874 मध्ये पूर्ण झालेले जुने सचिवालय, जिथे आज शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरते, तेही त्यांचेच. दुकानातून चर्चगेटला जाताना मी त्या इमारतीसमोर बराच वेळ उभा राहिलो. जिच्या सावलीतून वर्षानुवर्षे लोकल गाठायला धावत आलो, तिच्याच जातकुळीचा मनोरा घरातल्या भिंतीवर तडकलेल्या अवस्थेत टांगलेला होता, हे मला कधी कळलेच नव्हते.

नवी प्रिंट सुती कागदावर, टिकाऊ पिगमेंट शाईत काढली आहे. भोवती आम्लरहित माउंट असून काच आणि कागद यांमध्ये मोकळी जागा ठेवली आहे, म्हणजे पुन्हा चिकटण्याची भीती नाही. घड्याळाच्या खालची भेग आता पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसते.

उणिवाही सांगायला हव्यात. 10 दिवसांचे काम 3 आठवड्यांवर गेले आणि दर वेळी मलाच फोन करावा लागला. फ्रेमला साधी काच बसवली असल्यामुळे संध्याकाळी ट्यूबलाइटचे प्रतिबिंब नेमके मनोऱ्यावर पडते. प्रतिबिंब न पडणाऱ्या काचेचा पर्याय त्यांनी आपणहून सांगायला हवा होता. स्कॅन, दुरुस्ती, प्रिंट आणि फ्रेम मिळून 4,800 रुपये झाले, आणि या कामासाठी मला ते रास्त वाटतात. प्रिंट कितीही चांगली असली, तरी जाताना निगेटिव्ह शोधून न्यावी. त्याच पट्टीवर भुजच्या गल्ल्यांचे आणखी तीन फोटो आहेत, तेही मी दिवाळीनंतर इथेच देणार आहे.