खोक्यावर ३० पट, खरं १० पट: बोडीकाठी वापरलेलं भिंग

नवेगावबांधकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी विज्ञान शिकवते. दोन पावसाळ्यांपूर्वी सोनार वापरतात तसलं घडीचं भिंग २४० रुपयांना घेतलं. खोक्यावर छापलंय ३० पट. ते खोटं आहे. पट्टी लावून पाहिलं, वस्तू अडीच सेंटीमीटरवर स्पष्ट दिसते. साध्या डोळ्याला जवळचं स्पष्ट दिसण्याचं अंतर २५ सेंटीमीटर धरतात. त्याला अडीचने भागा, १० येतात. ३० पट असतं तर वस्तू जेमतेम ८ मिलिमीटरवर धरावी लागली असती. लेकरांच्या हाती द्यायच्या वस्तूवर खोटा आकडा मला खपत नाही. पाचातले दोन तारे त्यासाठीच कापले.

काच मात्र चांगली आहे. शाळेमागच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, पोट्ट्यांनी जर्मनच्या पातेल्यात पाणी आणलं, पांढऱ्या बशीत ओतलं. त्यात तांदळाच्या दाण्याएवढी मे-माशी या कीटकाची पिल्लं. पोटाच्या बाजूंना कल्ल्यांच्या सात जोड्या. पहिल्या सहांत दुहेरी पान, सातवीत एकेरी. पानं थरथरतात, थांबतात, पुन्हा थरथरतात. शेपटीला तीन धागे, त्यांना केसांची झालर. मागच्या पंखांचे कोंब नाहीत, म्हणून मी त्यांना क्लोऑन म्हणते. हे प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ लीच यांनी १८१५ मध्ये दिलं. नेमकी जात ठरवायला नख्या आणि तोंडाचे भाग पाहावे लागतात. तिथे सूक्ष्मदर्शकच हवा.

एक पिल्लू बरणीत वाढवलं. त्यातून धुरकट पंखांची नर माशी निघाली आणि जाळीवर बसली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा कात टाकली, पंख काचेसारखे झाले. पंख फुटल्यावर कात टाकणारे कीटक हेच. सहावीतली एक मुलगी भिंगातून पाहत ओरडली, "मॅडम, हे तं पंखाईचीबी कात टाकते!" मग कोणीतरी साखरपाणी आणलं. माशीचं तोंड भिंगाखाली धरलं, खाण्याजोगं काही नव्हतंच. पोरं गप्प झाली. मी सांगितलं, युरोपातल्या क्लोऑन डिप्टेरम जातीची मादी तरी अशीच उपाशी दहा-बारा दिवस अंडी पोटात सांभाळते आणि पाण्यावर सोडताच पिल्लं बाहेर येतात.

त्याच आठवड्यात मोबाइलवर बाल्टिक समुद्राकडच्या अंबरातल्या, म्हणजे दगड झालेल्या झाडाच्या राळेतल्या, मे-माशांचे फोटो दाखवले. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत अडकलेल्या, आणि याच कुळातल्या नराचे पगडीसारखे डोळे अजून जसेच्या तसे. आमच्या बरणीतल्या नराचे डोळे भिंगातून पाहिलेल्या पोरांना ते सांगावे लागले नाहीत.

वापरताना भिंग डोळ्याला चिकटवून धरा आणि वस्तू जवळ आणा. पोरं नेमकी उलट करतात. बिजागरीचा स्क्रू सहा महिन्यांत सैल झाला, पाण्याने गंजही धरला. थेंबभर मशीनचं तेल पुरतं. वर्गासाठी आणखी चार घेणार आहे, पण १० पट असं खरं छापलेलीच.